पिवळा रंग नक्की कुणासाठी? वाहन कंपन्यांच्या खरेदी आणि सस्टेनेबिलिटी प्रमुखांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी मला दोन मेल आले. दोन्ही आमच्या वरच्या सप्लायरने जसेच्या तसे पुढे ढकललेले, पण मुळात तुमच्याच कंपनीतून निघालेले. सकाळचा मेल सस्टेनेबिलिटी विभागाचा. सोबत एक्सेलची फाइल, १४२ प्रश्न, दहा दिवसांत भरून पाठवा, नाहीतर सप्लायर रेटिंगवर परिणाम होईल. दुपारचा मेल खरेदी विभागाचा. येत्या आर्थिक वर्षासाठी ३ टक्के कॉस्ट डाउन, म्हणजे आमच्या रेटमध्ये कपात, अपेक्षित आहे, शुक्रवारपर्यंत संमती कळवा.

तुमच्या ऑफिसात हे दोन विभाग बहुतेक एकाच मजल्यावर असतील. चहाच्या मशीनपाशी एकमेकांना भेटत असतील, पण या विषयावर ते बोलत असतील असं वाटत नाही. त्यांची गाठ पडते ती भोसरीतल्या माझ्या टेबलावर.

प्रश्नावलीच्या शेवटी ‘इतर अभिप्राय’ असा एक रकाना होता. त्यात २५० अक्षरांच्या पुढे टाइपच होत नाही. म्हणून हे पत्र. माझं आणि तुमच्या कंपनीचंही नाव मी लिहीत नाही. एक तर असं वागणारी कंपनी एकटी नाही. आणि दुसरं कारण तुम्हालाही माहीत आहे: पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचं शेड्यूल.

माझा झिंक प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडी नगांवर गंज रोखणारा जस्ताचा थर चढवण्याचा, कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन बॅरल लाइन (नग पिंपात भरून फिरवायचे), एक व्हॅट लाइन (नग टांगून टाकीत बुडवायचे) आणि बावीस माणसं. तुमच्या गाडीतले बोल्ट, ब्रॅकेट, क्लिपा, सीटखालच्या पट्ट्या, म्हणजे गाडी घेणारा जे आयुष्यात कधी वाकून बघणार नाही ते सगळे नग आमच्याकडे प्रेस शॉपमधून तेलकट, काळपट येतात आणि चकचकीत होऊन जातात. पुढे ते कुणाच्या तरी असेंब्लीत बसून तुमच्या लाइनला पोचतात. तुमच्या भाषेत मी टिअर टू, म्हणजे तुमच्या सप्लायरचा सप्लायर, कधी टिअर थ्री. आमच्या भाषेत जॉबवर्कवाला.

बाबांनी हे १९८७ साली दोन टाक्यांवर सुरू केलं. त्या काळाबद्दल आधी सांगून टाकतो, कारण मी इथे साळसूदपणे बसलेलो नाही. तेव्हा सायनाइडचा बाथ होता, पिवळ्या पॅसिव्हेशनला, म्हणजे झिंकवर द्यायच्या संरक्षक थराला, हेक्साव्हॅलंट क्रोमियम होतं, आणि पाणी कुठे जायचं हे विचारायची पद्धत नव्हती. शेडमागचा ओढा कधी पिवळा असायचा, कधी हिरवट. लहानपणी मला वाटायचं ओढे असेच असतात. बाबांच्या हाताखाली एक जण होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा शेजारी झोपले की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. क्रोमियमच्या वाफेने नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं, श्वास त्यातून वाजायचा. आम्ही पोरं हसायचो. हेक्साव्हॅलंट क्रोमियमने कर्करोग होतो हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं, तोवर मामा गावी परत गेले होते.

तेव्हा पर्यावरणाची अट माझ्यावर लादू नका, असं म्हणायला मी बसलेलो नाही. अट हवीच. दर कार्तिकीला आई आळंदीला जाते, आणि इंद्रायणीवर जो पांढरा फेस तरंगतो त्याचे फोटो तुम्हीही पेपरात बघितले असतील. त्या फेसात घरांचं सांडपाणी किती आणि कारखान्यांचं किती याचा वाद सुरूच राहील. पण आईने एकदा घाटावरून आल्यावर विचारलं, “त्यात आपलं काही आहे का रे?” तेव्हा ‘आता नाही’ असं उत्तर देता आलं, आणि त्या ‘आता’साठी मी किती पैसे घातलेत ते मला माहीत आहे.

आता पिवळ्या रंगाबद्दल. हे सविस्तर सांगतो, कारण माझं अख्खं गाऱ्हाणं त्या एका टाकीत मावतं.

तुमच्या जुन्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: झिंक प्लेटेड, यलो पॅसिव्हेटेड. हा पिवळा आला हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे. झिंकवर त्याचा पातळ थर बसतो, सोनेरी-पिवळा, जरा इंद्रधनुषी. नगाला ओरखडा गेला तर थरातलं क्रोमियम ओलाव्याबरोबर सरकून तो ओरखडा भरून काढतं. स्वस्त, नेहमीच्या तापमानाला चालणारं, पंधरा-वीस सेकंदांत होणारं काम. नवशिक्या पोराच्या हातूनही बिघडत नाही. विषारी नसतं तर याच्यासारखं केमिकल शोधून सापडलं नसतं.

युरोपीय संघाने २००० साली भंगारात निघणाऱ्या वाहनांविषयी निर्देश काढला आणि १ जुलै २००७ पासून गाड्यांच्या गंजरोधक थरांतून हेक्साव्हॅलंट क्रोमियम बाद केलं. निर्यातीच्या गाड्यांमुळे ती अट तुमच्याकडे आली आणि तुमच्याकडून आमच्याकडे. आम्ही ट्रायव्हॅलंट क्रोमियमवर, म्हणजे त्याच्या कमी विषारी भावावर, गेलो. हे बाळ मात्र नाजूक. बाथ कोमट ठेवायचा, पीएच दोनच्या आसपास सांभाळायचा, नग मिनिटभर बुडवायचा, वर सीलर द्यायचा, मग नीट वाळवायचा. बाथमध्ये लोखंड वाढलं की थर कच्चा बसतो. म्हणून रोज संध्याकाळी आमचा एक मुलगा काठीला चुंबक बांधून टाकीच्या तळाशी पडलेले बोल्ट बाहेर काढतो. एखाद दिवशी तो सुट्टीवर असला की चार दिवसांनी सॉल्ट स्प्रे या गंजाच्या चाचणीचा रिपोर्ट सांगतो की तो सुट्टीवर होता. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, बंद पेटीत तासन् तास फवारा. त्या पेटीपुढे कुणाची लबाडी चालत नाही.

इथवर माझी तक्रार नाही. गंमत पुढे आहे. ट्रायव्हॅलंटचा थर पिवळा येत नाही. निळसर येतो, नाहीतर फिकट इंद्रधनुषी. गंज रोखण्यात तो कमी नाही, आमचे सॉल्ट स्प्रेचे तास तुमच्या अटीपेक्षा वर भरतात. पण पहिला लॉट तुमच्या सप्लायरच्या इनकमिंग इन्स्पेक्शनमधून परत आला. शेरा: शेड नॉट ओके. ड्रॉइंगवर यलो लिहिलंय, नग यलो नाही. मी सांगितलं, पिवळा ज्याच्यामुळे होता तेच तर तुम्ही काढायला लावलंत. इन्स्पेक्टर भला माणूस होता, म्हणाला, “साहेब, मला कळतंय, पण ड्रॉइंग बदलायचा अधिकार मला नाही.” ड्रॉइंग डिझाइन विभागाचं. डिझाइनकडे जायचं खरेदीमार्फत. खरेदी म्हणते, ड्रॉइंग बदललं की पार्टचं पुन्हा अप्रूव्हल, त्याला सहा महिने.

मग केमिकलवाल्याने तोडगा दिला. ट्रायव्हॅलंटमध्ये पिवळा डाय टाकायचा. तेव्हापासून आम्ही एक बिनकामाचा रंग विकत घेतो, तो बाथमध्ये घालतो, नग पिवळे दिसतात, सगळे खूश होतात. तो रंग रिन्सच्या, म्हणजे नग धुण्याच्या, पाण्यात उतरतो आणि ते पाणी साफ करायचा खर्च वाढतो. जुन्या विषासारखं दिसावं म्हणून नव्या, त्यामानाने निरुपद्रवी थराला रंग फासायचा, आणि मग तो रंग पाण्यातून काढायला पैसे मोजायचे. तुमच्या ग्रीन सप्लाय चेनमधला हा एक अख्खा टप्पा एका न खोडलेल्या शब्दामुळे चालू आहे. तुमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर पान उगवलेलं असतं. पानाच्या मागे हा पिवळा डाय आहे.

खर्चाचा हिशोब माझ्या वहीतून देतो. हेक्स सोडून ट्रायव्हॅलंटवर आल्यावर माझा किलोमागचा खर्च साधारण सव्वा रुपयाने वाढला: केमिकल, सीलर, हीटर, ड्रायर, टेस्टिंग. मी रेटवाढ मागितली. चौदा महिन्यांनी चाळीस पैसे मिळाले. माझा रेट तेव्हा बारा रुपयांच्या घरात. त्यानंतरच्या वर्षी ३ टक्के कॉस्ट डाउन आला, म्हणजे छत्तीस पैसे. सव्वा रुपयाच्या बदल्यात माझ्या पदरात चार पैसे उरले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे तुळशीपत्राचा फोटो अहवालात येतो आणि हलवायाला प्रश्नावली येते.

पोलादाचा भाव हलला की तिमाहीला रेट बदलतो, तशी तुमची पद्धतच आहे. मग पॅसिव्हेशन केमिकलला, ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या यंत्रणेच्या) विजेला, स्लज म्हणजे गाळ उचलायच्या बिलाला ही पद्धत का नाही? पोलाद मोठ्या कंपन्या विकतात आणि ईटीपी आम्ही चालवतो, याखेरीज मला कारण सापडलेलं नाही.

माझी मुलगी मॅनेजमेंट शिकते. एकदा जेवताना तिने मला गणित मांडून दाखवलं. आकडे सोयीसाठी गोल धरलेले. समजा प्लेटिंग सुधारायला किलोमागे एक रुपया लागतो. त्याने गंजाच्या तक्रारी घटून गाडी कंपनीची वॉरंटी साठ पैशांनी वाचते. मधल्या सप्लायरचं रिजेक्शन तीस पैशांनी कमी होतं. आणि ओढ्याकाठच्या लोकांचं पन्नास पैशांचं नुकसान टळतं, पण त्याचं बिल कुणी फाडत नाही. सगळा मिळून फायदा एक रुपया चाळीस पैसे, खर्च एक रुपया. करायला हवंच. पण रुपया खर्च करणार मी, आणि माझ्या खिशात येणार शून्य. मग मी नाही करत, किंवा ऑडिटपुरतं करतो. यात कुणीच लबाड नाही, प्रत्येकाने आपापला हिशोब बरोबर केलाय, तरी चाळीस पैसे सगळ्यांचेच बुडाले. ती म्हणाली, यावर ढीगभर अभ्यास झालेत, आणि बऱ्याच जणांचं उत्तर एकाच दिशेचं आहे: खर्च वाटून घ्या, मग सुधारणाही वाढते आणि साखळीचा एकूण नफाही.

मी म्हटलं, हे तुझ्या आजोबांच्या गावाला पूर्वीपासून कळतं. आमच्या सामाईक विहिरीत चार भावकीचे हिस्से. ज्याची जेवढी पाण्याची पाळी, मोटर जळाल्यावर त्याची तेवढी वर्गणी. पाणी सगळ्यांनी घ्यायचं आणि मोटर शेवटच्या वाफ्यावाल्याने भरून द्यायची, असं कुणी म्हणालं असतं तर पहिल्याच वर्षी कुऱ्हाडी निघाल्या असत्या.

आता प्रश्नावली. १४२ पैकी एक प्रश्न असा: आपल्या आस्थापनेचे जैवविविधता धोरण आहे का? असल्यास जोडा. माझ्या शेडच्या दारात एक कडुनिंब आहे आणि ॲसिडच्या कॅनवर बसणारा एक बोका. धोरण त्या दोघांनाच विचारावं लागेल. दुसरा प्रश्न, प्रत्येक पार्ट नंबरमागे किती किलो कार्बन? माझ्याकडे विजेचा मीटर एक. रेक्टिफायर, बॅरलच्या मोटरी, हीटर, ड्रायर, ईटीपीचा पंप आणि ऑफिसातला पंखा सगळे त्याच्यावर. एका युनिटमागे आपल्या ग्रिडचा कार्बन साधारण ०.७ किलो धरतात, तेवढा गुणाकार मला येतो. पण एका दिवसात साठ प्रकारचे नग जातात, त्यांत तुमच्या ब्रॅकेटच्या वाट्याला किती युनिट आली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तरी रकाना रिकामा सोडला की फाइल सेव्ह होत नाही. मग सगळे काय करतात? आकडा टाकतात. ते आकडे बेरीज होऊन तुमच्या अहवालात जातात आणि त्यावर कुणीतरी सही करतं.

मी जरा खोलात जाऊन नियम वाचला. सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपनीने आपल्या पर्यावरणाच्या आणि सामाजिक जबाबदारीचा द्यायचा अहवाल, आणला, २०२२-२३ पासून तो पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा झाला. जुलै २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर हा त्यातला निवडक निकषांचा भाग आला आणि पहिल्या अडीचशे कंपन्यांनी पुरवठा साखळीचीही माहिती द्यावी असं ठरलं. पुढे त्यात ढिलाई झाली. माहिती ऐच्छिक झाली, आणि पुरवठादार मोजायचा तो ज्याचा तुमच्या खरेदीत किमान २ टक्के वाटा आहे तोच. माझा वाटा काढायचा तर दशांशचिन्हानंतर किती शून्यं द्यायची हेच मला ठाऊक नाही. म्हणजे सेबी मला काही विचारत नाही. तुम्ही विचारता. विचारा, पण निदान नियमाचं नाव सांगून घाबरवू नका.

बोल्ट निर्यात करणारे आमचे एक गिऱ्हाईक आहेत, त्यांचा प्रश्न मला मान्य आहे. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराची, म्हणजे सीबॅमची, माहिती देण्याची पायरी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून पैसे लागू झाले. लोखंडी बोल्ट-स्क्रू त्यात येतात. त्यांनी काय केलं, तर स्वतःच्या खर्चाने माझ्या बॅरल लाइनला वेगळा मीटर बसवून दिला. पाच रकान्यांचा एक कागद ठेवला: तारीख, नगाचं वजन, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, सही. सुपरवायझर तो मराठीत भरतो. १४२ प्रश्नांपेक्षा त्या एका कागदात खरं जास्त आहे.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण हे रडगाणं तुम्ही शंभरदा ऐकलंय. एमएसएमई कायदा २००६ चा. त्याप्रमाणे आमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही अट घातली, की सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. कागद पक्का आहे. प्रत्यक्षात माल गेटवर पोचल्यावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, व्हायला आठवडा, दिवस मोजायचे ते जीआरएनपासून, आणि व्याज आजवर मी एकदाही मागितलेलं नाही. मागणारे माझ्या ओळखीत नाहीत. नव्वद दिवसांनी पैसे मिळणाऱ्याला तुम्ही सोलर पॅनल लावायला सांगता तेव्हा तो बँकेचं व्याज भरून तुमच्या अहवालाला ऊन पुरवत असतो.

आणि टेम्पो. तुमच्या लाइनला माल घड्याळाच्या काट्यावर लागतो, साठा ठेवायचा नाही. ठीक. त्यामुळे भोसरीहून चाकणच्या बाजूला दिवसाला चार फेऱ्या. छोटा हत्ती निम्मा रिकामा जातो आणि येताना पूर्ण रिकामा. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीपासून पुढे काय अवस्था असते हे तुमच्या बसने येणाऱ्या इंजिनिअरना विचारा. आमच्याच गल्लीत आणखी चार जण तिकडेच माल पाठवतात, त्यांचे चार टेम्पो वेगळे. एकच गाडी फिरवून सगळ्यांचा माल उचलायची मिल्क रन पद्धत तुम्हाला काही नवी नाही, मोठ्या सप्लायरसाठी तुम्ही ती वापरता. आमच्या गल्लीत ती येत नाही, कारण आमच्या डिझेलचं बिल तुमच्या खात्यात दिसत नाही.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी एक काम माझ्याकडून गेलं. नव्या माणसाचा रेट माझ्यापेक्षा दोन रुपयांनी कमी होता. मी हिशोब मांडून बघितला. सरळ मार्गाने तो रेट बसतच नाही. क्रोमियमचं पाणी साफ करायचं तर चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच नऊच्या जवळ नेऊन गाळ बसवावा लागतो, फिल्टर प्रेसमध्ये दाबावा लागतो. तो गाळ घातक कचरा. मी तो रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, भरून पाठवतो, वाहतुकीसकट पैसे मोजतो. हे टाळलं तर किलोमागे रुपया-दीड रुपया सहज सुटतो. महिन्याभराने तुमच्या सप्लायरच्या माणसानेच हसत सांगितलं की त्या नव्या जागी ईटीपी आहे, पण ‘ऑडिटच्या दिवशी चालू असतो’.

हे तपासायला ड्रोन लागत नाही. जितकं झिंक घेतलं, जितके नग केले, तितका गाळ निघणारच. प्लेटरकडे वर्षाची केमिकलची बिलं मागा आणि रांजणगावच्या मॅनिफेस्टवरचं वजन मागा. दोन कागद शेजारी ठेवले की कळतं. महिन्याला वीस टन प्लेटिंग आणि वर्षभरात शून्य गाळ असेल, तर तो गाळ कुठे गेला हे आळंदीच्या घाटावर जाऊन विचारावं लागतं. तुमच्या १४२ प्रश्नांत हा एक प्रश्न नाही.

एवढं बोललो तर हेही सांगायला हवं, की चांगलं करायला प्रत्येक वेळी पैसेच लागतात असं नाही. आमचं पाणी आधी धो धो वाहायचं. बॅरल बाथमधून निघताना सोबत एक लिटर द्राव आणतो असं धरा. तो हजारपट पातळ करायचा तर एका वाहत्या टाकीत हजार लिटर पाणी लागतं. तेच दोन टाक्या ठेवून, पाणी नगाच्या उलट दिशेने एकीतून दुसरीत सोडलं, तर साधारण बत्तीस लिटर पुरतं. तीन टाक्या केल्या तर दहा. हे मला कुठल्या प्रश्नावलीने शिकवलं नाही. एका कंपनीने, तुमच्यापैकीच, एक प्रोसेस इंजिनिअर चार दिवस माझ्याकडे पाठवला होता. पहिल्या दिवशी तो नुसता उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बॅरल बाथवर वीस सेकंद जास्त निथळू द्या. बास. त्या वीस सेकंदांत केमिकल वाचलं, पाणी वाचलं, गाळ कमी झाला. मग टाक्यांचा नकाशा त्याने माझ्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर काढून दिला, तो अजून भिंतीवर चिकटवलेला आहे. जागा करायला मला ऑफिसची भिंत पाडावी लागली, आता मी पोटमाळ्यावर बसतो. पण पैसे दीड वर्षात वसूल झाले. तो इंजिनिअर पुढे बदलून गेला आणि त्याच्या जागी मेल यायला लागले.

तर माझ्या मागण्या. यात दान किंवा सबसिडी काही नाही.

१. कोटेशनमध्ये पर्यावरणाचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवू द्या: ईटीपी, गाळ, बदललेलं केमिकल. त्या ओळीला कॉस्ट डाउन लागू करू नका, आणि पोलादासारखा तिमाहीला त्याचा आढावा घ्या. बिलं मी दाखवतो.

२. ड्रॉइंगवरचा ‘यलो’ खोडा. रंगाऐवजी सॉल्ट स्प्रेचे तास लिहा. एका सर्क्युलरने सगळ्या जुन्या पार्टना लागू होईल असं करा, प्रत्येक पार्टला सहा महिने लावू नका.

३. जो कुणी तुमच्या सांगण्यावरून मशीन घेईल, त्याला निदान तीन वर्षं कामाची हमी द्या. किती टन, ते कागदावर. बँकेतला मॅनेजर माझ्याकडे तोच कागद मागतो.

४. एक प्रश्नावली, सगळ्या वाहन कंपन्यांची मिळून, वीस प्रश्नांच्या आत आणि मराठीत. एकाचं ऑडिट दुसऱ्याने मान्य करावं. गेल्या वर्षी माझ्याकडे सात ऑडिट झाली. सातही जणांनी त्याच फायर एक्स्टिंग्विशरचा फोटो काढला.

५. दर मागण्याआधी मॅनिफेस्ट मागा. ज्याच्याकडे नाही त्याचा रेट उघडूच नका.

६. टिअर वनला पैसे देताना त्याने खालच्या लोकांना ४५ दिवसांत दिले की नाही याचं प्रमाणपत्र घ्या. तुमच्या रेटिंगमध्ये पीपीएम (दहा लाखांत किती नग खराब) आहे, डिलिव्हरी आहे, हेही घाला.

७. आमच्या गल्लीत मिल्क रनची एक गाडी फिरवून बघा. महिनाभर. डिझेल कुणाचं किती वाचलं ते मग बसून ठरवू.

खरेदी प्रमुखांनी आणि सस्टेनेबिलिटी प्रमुखांनी एकदा एकत्र माझ्याकडे यावं अशी विनंती आहे. वेगवेगळे नको. प्रेझेंटेशन नाही, पुष्पगुच्छ नाही. बॅरल टाकीतून निघून निथळतो तिथे दोघांनी वीस सेकंद उभं राहायचं, मग पॅसिव्हेशनच्या टाकीत डाय पडताना बघायचं, मग पोटमाळ्यावर चहा. येताना जुने बूट घाला, जमीन ओली असते.

गुरुवार सोडून कधीही या. गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी असते.

आपला,
भोसरीतला एक जॉबवर्कवाला

ता.क. प्रश्नावली मुदतीत भरून पाठवली आहे. जैवविविधतेच्या प्रश्नाला ‘लागू नाही’ असं लिहिलं, तर फाइलने ते स्वीकारलं नाही. शेवटी कडुनिंबाचा फोटो जोडला.